खुंटीवरची साखळी

पत्रात माझं नाव पहिलं होतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तीन दिवस ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रशिक्षण आणि चौथ्या दिवशी आपापल्या सबस्टेशनवर सराव. विषय चांगला लांबलचक होता: आपत्कालीन परिस्थिती हाताळणे आणि वीजपुरवठा पूर्ववत करणे. खाली तालुक्यातल्या ऑपरेटरांची नावं टाईप केलेली. अक्षरांच्या क्रमाने लावली असती तर मी शेवटून दुसरी आले असते. नोकरीच्या वर्षांवरून लावली असती तर मधे कुठेतरी. मग सगळ्यांच्या डोक्यावर मीच का? ते पत्र मी तीनदा वाचलं आणि दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "टायपणाऱ्याच्या हाताला जसं लागलं तसं टायपलं असेल." हा माणूस एरवी साध्या प्रश्नाला वाकडं उत्तर देतो. आज सरळ बोलतोय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे, असं मी ठरवून टाकलं.

माझा स्वभावच असा. मासे घेताना मी कल्ले उघडून बघते, आणि मासेवाली "ताजो आसा गो, देवाशपथ" म्हणाली की आणखी खाली वाकून बघते. सबस्टेशनवर मला संकासूर म्हणतात. दशावताराच्या सुरुवातीला काळा मुखवटा घालून येतो आणि समोरच्याला नको ते प्रश्न विचारून भंडावून सोडतो, तो. मला त्याचा राग येत नाही. बारा वर्षं मी ऑपरेटर आहे, आणि भाबड्या ऑपरेटरपेक्षा संशयी ऑपरेटर बरा असं माझं मत आहे. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

आमचं काम बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. एक खोली, भिंतीशी पाच पॅनेल, बाहेर जाळीच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर आणि लोखंडी सांगाडे. एक पॅनेल म्हणजे एक फीडर, म्हणजे एका भागाकडे वीज नेणारी लाईन. त्यातली एक तारकर्लीच्या बाजूला जाते. लाईनवर काम निघालं की वायरमन आमच्याकडे परमिट घ्यायला येतो. मी लाईन बंद करते, यार्डातला मोठा स्विच उघडून त्याला कुलूप घालते, किल्ली भिंतीवरच्या खोक्यात टांगते आणि वहीत वेळ लिहिते. तो सही करतो आणि मग खांबावर चढतो. काम संपल्यावर त्यानेच येऊन परमिट परत केल्याची सही करायची. त्याच्याऐवजी दुसरं कुणी चालत नाही, मग तो साहेब असो की त्याचा सख्खा भाऊ. ती सही होईपर्यंत त्या लाईनला वीज सोडायची नाही.

वहीच्या जोडीला आमच्याकडे खुंटी आहे. ती कुठल्याही नियमात नाही. खांबावर चढताना अंगावर धातू नको, म्हणून वायरमन अंगठ्या, कडी, गळ्यातल्या साखळ्या काढून ठेवतात. कुणा जुन्या ऑपरेटरने प्रत्येक पॅनेलशेजारी एकेक खुंटी ठोकली आणि पद्धत पडली: ज्या लाईनवर काम, त्या लाईनच्या खुंटीवर आपला दागिना. खुंटीवर दागिना असेपर्यंत पॅनेलला हात लावायचा नाही. वही पावसात भिजते, सही गडबडीत राहून जाते, पण आपलं सोनं कोण विसरतो? इतक्या वर्षांत त्या खुंट्यांवरून एक कडं कधी हरवलं नाही. मला वहीपेक्षा खुंटीचा भरवसा जास्त वाटायचा.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या पत्राने माझ्या काळजाचं पाणी पाणी का झालं ते कळणार नाही.

तेव्हा मोठं वादळ होऊन गेलं होतं. माड तारांवर आडवे पडलेले, खांब वाकलेले, तारकर्लीची लाईन चार दिवस बंद. त्या लाईनचं परमिट दादाकडे होतं. दादा म्हणजे आमचा सगळ्यांत जुना वायरमन. ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेला, बोलणं मोजकं. गळ्यात त्याच्या आईने गोव्याहून आणलेल्या क्रुसाची साखळी. ती साखळी खुंटीवर होती. चौथ्या दिवशी दुपारी त्याची बायको स्कूटरवरून आली. ती शाळेत शिकवते, आम्ही तिला टीचर म्हणतो, आणि तिचं-माझं चांगलं आहे. ती म्हणाली, "ह्यांचा काम झाला गो. थेट घराकडेच येतले. साखळी माझ्याकडे दी, परत हयसर येवक नको." संध्याकाळी वाडीतल्या क्रुसाजवळ लादाईन होती. मे महिन्यात तिथे सगळे जमून गुडघे टेकून प्रार्थना म्हणतात, म्हणणारा पुढारी दादा, आणि तो क्रूस गळ्यात असल्याशिवाय तो गुडघे टेकत नाही. मी साखळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. कल्ले उघडून बघणारी मी, मला तेव्हा एक प्रश्नही सुचला नाही.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. दवाखाना, पाण्याचे पंप, वरून विचारणा, सगळं एका दमात सांगून ते म्हणाले, "तारकर्लीचं झालं ना? मग सोडा." मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. खोक्यातली किल्ली घेऊन कुलूप उघडलं आणि मी लाईन सोडली.

तासाभराने दादा स्वतः आला. त्याने सवयीने खुंटीकडे हात नेला. हात तसाच राहिला. पॅनेलच्या काट्याकडे बघून त्याने विचारलं, "लाईन कधी सोडलंस?" मी वेळ सांगितली. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, वहीत सही केली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तो कुठे होता, खांबावर की खाली, हे मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी टीचरने लादाईनीचे उकडलेले चणे डब्यातून पाठवले, ते मला गिळवेनात.

वर्षभर मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत होते. त्याला कळलं असेल का? कळलं असेल तर त्याने कुणाला सांगितलं असेल? त्यात आणखी एक भानगड सुरू झाली. मधेमधे खोक्यातली किल्ली गायब व्हायची. परमिट चालू असताना सहज खोकं उघडावं, तर तारकर्लीच्या किल्लीची जागा रिकामी. संध्याकाळी बघावं तर किल्ली जागच्या जागी. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा माझ्याच ड्युटीत. माझा संशय दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर होता. तो पाळीच्या आधीच येऊन बसायचा, आणि त्याला माझी सकाळची पाळी हवी होती, हे उघड होतं. किल्ली हरवली म्हणून बोंब झाली की मी आपोआप हलणार. मी त्याला काही बोलले नाही, पण त्याच्या हातचा चहा प्यायचं सोडलं.

अशात ते पत्र आलं, आणि वर माझं नाव.

शिकवायला आलेले सर घाटावरचे होते. उंच, वाळलेले, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी होती आणि ते मधेच थांबून तिच्यात काहीतरी लिहीत. मी मागच्या रांगेत बसले. सर म्हणाले, "तुम्ही पुढे या ना." अकरा माणसांत मलाच का, ते मी मनात नोंदवून ठेवलं.

माणूस शिकवायला हुशार होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी टेबलावर सुतळीने लाईनी आखल्या, बाटल्यांची झाकणं ठेवून सबस्टेशनं केली, आणि म्हणाले, "वादळ झालं. सगळा जिल्हा बंद. आता सुरुवात कुठून कराल?" प्रत्येकाने आपापल्या गावापासून सुरुवात केली. सर हसले नाहीत. त्यांनी एकेक झाकण हळूहळू सरकवून दाखवलं: आधी दवाखाना, मग पाणी, मग मोबाईलचे टॉवर, आणि दर पावलाला थांबायचं. चार दिवस वीज नसलेल्या घरात सगळी बटणं चालूच राहिलेली असतात. वीज येताच फ्रीज, पंखे, पंप एकदम ओढायला लागतात आणि नुकतीच सुरू केलेली लाईन पुन्हा बसते. म्हणून एकेक तुकडा जोडा, काटा स्थिर होऊ द्या, मग पुढचा. लॉजवाल्यांचे जनरेटर विसरू नका, एखाद्याने चुकीचं बटण दाबलं तर बंद लाईनीतही उलट बाजूने वीज येते. आपण बंद केली म्हणून लाईन मेली असं धरून चालू नका. हे ऐकताना मला बरं वाटत होतं. असा संशयी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अचानक विचारलं, "वायरमनची काही खूण ठेवायची पद्धत आहे का तुमच्याकडे? वहीशिवाय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी आमच्या खुंटीचं सांगितलं. सर म्हणाले, "असतंच सगळीकडे काहीतरी. कुठे टोपी ठेवतात, कुठे विडीचं बंडल." मग डायरी काढून लिहिलं. इतकं सहज बोलून गेले म्हणूनच मला ते खरं वाटेना. टोपीचं आणि विडीचं नाव घेतलं ते साखळीचं नाव टाळायला, असा मी हिशेब मांडला. दादाने तोंड उघडलं, दुसरं काय!

दुपारी फोनचा खेळ झाला. सर शेजारच्या खोलीत बसून एकेकाला फोन करत आणि लाईन सोडायला लावायचा प्रयत्न करत. कधी साहेब होऊन दरडावत, कधी सरपंच होऊन विनवत, कधी लॉजमालक होऊन फ्रीजमधले मासे कुजल्याचं रडगाणं गात. आमच्यातले बरेच फसले. एकाने तर सरपंचाला "पाच मिनटां थांबा, सोडतंय" असंही सांगितलं. माझ्यापुढे साहेब, सरपंच, लॉजवाला, तिघेही हरले. सर्वांसमोर सर म्हणाले, "बाई, तुमच्यासारखे ऑपरेटर हवेत." शेळीला कापायच्या आधी हिरवा पाला दाखवतात, तसं वाटलं मला. कौतुक इतकं उघड करतात ते कशासाठी?

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. सर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून एक बदल. स्विचच्या कुलपाची किल्ली खोक्यात टांगायची नाही. खांबावर चढणाऱ्याने ती स्वतःच्या खिशात घेऊन जायची. तो खाली येऊन देईल तेव्हाच कुलूप उघडेल." आम्ही कुरकुर केली. किल्ली हे ऑपरेटरचं काम, वायरमनने ती खाडीत पाडली तर? पण मी मनातून गारठले होते. आधी खूण, मग किल्ली. माझ्या वर्षभराच्या दोन्ही जखमांवर ह्या माणसाने नेमकं बोट ठेवलं होतं. चहाच्या सुट्टीत ते हात धुवायला गेले, डायरी टेबलावर उघडी होती. मी आजूबाजूला पाहिलं आणि वाकले. लिहिलं होतं: खाजा अर्धा किलो, आमसुलं, काजू (भाजलेले नको), परतीची गाडी कुडाळहून. खाली फीडरांची कसलीतरी आकृती. क्षणभर मला हसू आलं. मग वाटलं, डायरी माझ्यासाठीच उघडी ठेवली असेल, त्या पानावर.

निघताना ते मला म्हणाले, "उद्याच्या सरावाला मी तुमच्या सबस्टेशनवर येतोय. लाईन खरी, परमिट खरं. मधे काहीतरी होईल. काय, ते आत्ता सांगणार नाही."

त्या रात्री मी एकच गोष्ट घोकत झोपले: उद्या जो कुणी येईल, त्याचं ऐकायचं नाही.

सकाळी दादा परमिट घ्यायला आला. पावसाआधीची कामं चालली होतीच: तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, फुटके इन्सुलेटर, म्हणजे तार ज्याच्यावर बसते ते चिनी मातीचे गट्टू, बदलायचे. मी लाईन बंद केली, यार्डातला स्विच उघडून कुलूप घातलं, किल्ली खोक्यात टांगली आणि वही लिहायला बसले. नवा नियम अजून लागू नव्हता, आणि माझ्या हातून तो आधी लागू होणारही नव्हता. दादाने साखळी खुंटीवर अडकवली, सही केली, टोळी घेऊन गेला. सर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. दुपार झाली. पंखा फिरत होता. काहीच घडत नव्हतं, म्हणून मी दर पाच मिनिटांनी खुंटीकडे बघत होते.

चार वाजता कुंपणाबाहेर स्कूटर थांबली. टीचर आत आली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "ह्यांचा काम झाला गो. थेट घराकडेच येतले. साखळी माझ्याकडे दी, परत हयसर येवक नको."

तेच शब्द. गेल्या वर्षीचे, जसेच्या तसे.

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक आहे. दादाने सांगितलं, सरांनी लिहून घेतलं आणि टीचरला पढवून आणलं. तीच बाई, तीच वेळ, तेच वाक्य. मी सरांकडे पाहिलं. ते चष्म्यातून आमच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. काय नाटक करतो हा माणूस!

मी म्हटलं, "टीचर, आज नको. दादा इलो की तोच घेतलो."

ती हसली. "अगो, लादाईन आसा. चणे शिजत ठेवन इलंय."

"दादा येऊ देत."

"गेल्या वर्सा दिलंस मगे!"

हे ती सरांसमोर बोलली. माझा चेहरा उतरला असणार. मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "गेल्या वर्सा चुकलंय. आता देवचंय नाय."

तिचं हसू गेलं. "माझ्या घोवाची साखळी, आणि तू माका अडवतंस? माझ्यार विश्वास नाय तुझो?" मनात मी तिला म्हणत होते, टीचर, तू सुद्धा? तिने पर्स उचलली, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती निघून गेली. रडणंही छान जमवलंय, असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करते.

स्कूटरचा आवाज विरतो न विरतो तोच फोन वाजला. साहेब. "काम झालं, टोळी खाली उतरली. सोडा लाईन." मी म्हटलं, "खुंटीवर साखळी आहे. ज्याची आहे तो माणूस इथे उभा राहिल्याशिवाय नाही." ते ओरडले. मी फोन ठेवला. सर हलकेच हसले आणि त्यांनी डायरीत लिहिलं. आतून मी फुलले होते. हरवलं की नाही तुम्हाला!

पावणेपाच झाले तरी दादा आला नाही. शेवटी त्याच्या टोळीतल्या एकाचा फोन आला: शेवटच्या खांबावर आणखी एक इन्सुलेटर तडकलेला मिळाला, दादा अजून वरच आहे, वेळ लागेल.

मी फोन हातात धरून तशीच बसले. दादा वर आहे. चार वाजता वरच होता. खुंटी रिकामी असती, तर साहेबांच्या फोनवर मी काय केलं असतं?

सर उठून पॅनेलजवळ आले. "छान. तो साहेबांचा फोन मी करायला सांगितला होता, तुमच्या लक्षात आलंच असेल."

"आणि टीचरना पण तुम्हीच पाठवलंत ना?"

"कोण टीचर?" ते म्हणाले. "त्या बाई? मला वाटलं तुमच्या नात्यातल्या आहेत. कशाला आल्या होत्या? तुमचं बोलणं मला फारसं समजत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कल्ले उघडून बघावं तसं बघितलं. खोटं कुठे दिसेना. टीचर आपली आपण आली होती. सकाळी घरातून निघताना नवरा चारपर्यंत काम होईल म्हणाला असेल, हिने चार वाजले म्हणजे झालं असं धरलं, आणि त्याची एक खेप वाचवायला ती उन्हातून आली. गेल्या वर्षीही तसंच झालं असणार. म्हणूनच शब्दही तेच. आणि पुन्हा त्याच कामाला आली, म्हणजे दादाने गेल्या वर्षीचं तिलाही सांगितलेलं नव्हतं. घरच्या माणसाला सांगितलं नाही, तो घाटावरच्या माणसाला काय सांगणार! वर्षभर मी कुणाकुणाला तोलत होते ते सगळे डोळ्यांपुढून गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी एक समाधान उरलं होतं. उलट्या कारणाने का होईना, माझ्या संशयाने आज दादाचा जीव राहिला.

"किल्ली बघू," म्हणत सरांनी खोकं उघडलं. तारकर्लीच्या किल्लीची जागा रिकामी होती.

आजच? ह्यांच्यासमोर? दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर तासाभरापूर्वीच येऊन बसला होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा उठूनच उभा राहिला. तोंड उघडणार इतक्यात बाहेर गाडी थांबली आणि दादा आत आला. चेहरा उन्हाने करपलेला, केसांत आंब्याची पानं. त्याने शर्टाच्या आतल्या खिशाचं बटण काढलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

सर खूश झाले. "हेच! हेच मी तीन दिवस सांगत होतो. म्हणजे तुमच्याकडे ही पद्धत आधीपासूनच आहे?"

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "होय सर," तो ऑफिसातल्या मराठीत म्हणाला. "आमची पद्धतच आहे तशी."

सरांनी ते डायरीत लिहिलं, आमच्या दोघांचं अभिनंदन केलं आणि खाजा चांगला कुठे मिळेल ते विचारून गेले. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर यार्डात फेरी मारायला गेला. वहीत सही झाली होती. दादा खुंटीवरची साखळी काढून गळ्यात घालत होता.

"ही किल्ली कधीपासून नेतंस?" मी विचारलं.

"गेल्या लादाईनीपासून." त्याने क्रूस शर्टाच्या आत सोडला. "तू वही लिवक बसलंस की काढतंय. इलो की ठेवतंय."

म्हणजे आज टीचरला मी साखळी दिली असती, साहेबांचं ऐकलं असतं, तरी कुलूप उघडणार नव्हतं. माझ्या हाताने त्याला काहीच होणार नव्हतं. वर्षभर होणार नव्हतं. किल्लीवरून ज्या एका माणसाचा मला कधी संशय आला नाही, त्याने माझ्या हातून आपला जीव कधीच काढून घेतला होता, आणि मला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

"गेल्या वर्सा मी लाईन सोडलंय, तेव्हा तू खंय होतंस?"

वर्षभर न विचारलेला प्रश्न शेवटी विचारला.

"उतरलंय, शिडी काढलंय. बिडी काढूक खिशात हात घातलंय, आणि खांब्यारचो ट्रान्सफॉर्मर गुणगुणाक लागलो."

"माका तेव्हाच सांगूचा होतंस."

"सांगान काय करतलंय? तू रडतलंस, मी रागावतलंय. दुसऱ्या दिवशी परत तूच ड्युटीर आणि मीच खांब्यार." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यार विश्वास नाय असा नाय गो बाय. पण जीव माझो आसा."

मी रडलेच. त्याने टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि थांबला. रडणं ओसरल्यावर मी विचारलं, टीचर रागावली असेल ना. "रागावली," तो म्हणाला. "फोनार सांगल्यान. यंदा चणे येवचे नाय." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तिका ह्यातला काय सांगू नको. ती झोपाची नाय मगे."

नवा नियम लागू व्हायला अजून तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्याच लाईनचं परमिट घ्यायला आला. मी स्विच उघडला, कुलूप घातलं, आणि किल्ली खोक्यात टांगली नाही. त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खिशात टाकली आणि माझ्यादेखत खिशाचं बटण लावलं.